भिलाईची थंडी आणि वासराचे कान

नागपूरहून हावड्याकडे जाणारी रात्रीची गाडी गोंदिया मागे टाकून दरेकसा-डोंगरगडच्या जंगलात शिरली की डब्यातला गारठा एकदम वाढतो. खिडक्या खाली ओढल्या जातात, शाली आणि कानटोप्या बाहेर निघतात. राजनांदगाव गेल्यावर थोड्याच वेळात दुर्ग येते. डिसेंबरच्या अंधाऱ्या पहाटे पूर्वेकडचे आकाश लालसर दिसू लागले, तर नवखा प्रवासी समजतो की उजाडत आले. पण ती लाली सूर्याची नसून भिलाईच्या पोलाद कारखान्याची असते.

नागपूरपासून भिलाई रेल्वेने अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर. दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरे. दुर्ग जुने, शिवनाथ नदीच्या काठचे. भिलाई नवे, नकाशावर आधी आखून मग बांधलेले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या डोंगरातले लोहखनिज इथे येते आणि रूळ होऊन देशभर जाते. मराठी माणसाने आपल्या गावच्या स्टेशनवर उभे राहून ज्या रुळांकडे पाहिले असेल, त्यातले पुष्कळसे भिलाईचेच असतात.

मराठी वाचकाला हा मुलूख तसा परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे आला. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत. पुढे १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. आजही श्रावणी अमावास्येला आपल्याकडे पोळा, तर इथे 'पोरा'. मातीचे बैल आणि लहान मुलांचा गलका, दोन्हीकडे सारखेच.

सेक्टरांच्या पलीकडे

भिलाईची नगरी पाहायची तर सेक्टरांतून फिरावे. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, एकसारखी घरे, शाळा, इस्पितळ, बाजार. रविवारी लोटणारी गर्दी मात्र मैत्री बागेकडे. भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून १९७२ मध्ये उभारलेल्या या बागेतले पांढरे वाघ प्रसिद्ध आहेत. मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांची सहल इथेच संपते आणि ती वाईट नसते.

पण ज्याला हा प्रदेश समजून घ्यायचा असेल त्याने थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे शहराच्या कडेला, जिथे सेक्टर संपून भाताची रिकामी शेते लागतात तिथे जावे. खाचरांतून धान उचललेले असते, उरलेल्या धसकटांवर दव असते, आणि वस्तीवर धुराचा एक पातळ थर तरंगत असतो. हा धूर कारखान्याचा नसतो, तो गोरसीचा. गोरसी म्हणजे मातीची शेगडी. तिच्यात शेणाच्या गोवऱ्या, म्हणजे इथले 'छेना', धुमसत ठेवतात आणि घरातली म्हातारी माणसे, बाळंतिणी, तान्ही मुले तिच्याभोवती हिवाळा काढतात.

घराला लागून गोठा. छत्तीसगडीत त्याला 'कोठा' म्हणतात. त्यात दोन-तीन लहान चणीच्या गाई असतात, एखादी म्हैस, आणि कोपऱ्यात गोणपाट पांघरलेले वासरू. पोटाखालून सुतळीने बांधलेले ते गोणपाट, त्यावर धान खरेदीचा शिक्का, आणि त्यातून बाहेर आलेले दोन कान. हिवाळ्यात या भागात धान खरेदीचा हंगाम असतो आणि बारदान्याची टंचाई हा दर वर्षीचा चर्चेचा विषय. तरीही वासरासाठी एक पोते कुठून तरी निघतेच.

गाई राखणारा समाज इथे राऊतांचा. दिवाळीच्या सुमारास गोवर्धनपूजा आणि 'मातर' हे त्यांचे सण. गाईंच्या गळ्यात 'सोहाई' बांधायची, काठ्या घेऊन नाचायचे. कारखान्यात नोकरी मिळवून सेक्टरात राहायला गेलेल्या घरांतही गाईची ओढ पूर्ण सुटलेली नाही. गावाकडच्या कोठ्यात एक गाय असते आणि पहाटेचे दूध सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून सेक्टरांत पोचते. त्या दुधावर शहराचा चहा होतो. ज्या वासरासाठी ते दूध आले, त्याची रात्र कशी गेली हे विचारण्याचे कारण चहा पिणाऱ्याला सहसा पडत नाही.

दहा अंश म्हणजे थंडी का?

कुणी म्हणेल, भिलाईत अशी थंडी ती कितीशी! बर्फ पडत नाही, पाणी गोठत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे झेपावणारे हे गाव. हिवाळ्यात रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांवर येते, उत्तरेकडून थंडीची लाट आली तर त्याच्याही खाली. माणसाला एक स्वेटर पुरतो.

माणसाचा आणि मोठ्या गाईचा हिशेब वासराला लागू पडत नाही. गाईच्या पोटात चार कप्पे आणि त्यात सतत आंबत असलेला चारा. ती स्वतःच एक धगधगती भट्टी असते. नुकत्याच जन्मलेल्या वासराची ही भट्टी पेटलेलीच नसते. त्याच्या अंगावर चरबी नाममात्र, त्वचा पातळ, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. पशुवैद्यक सांगतात, तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला सुमारे पंधरा अंशांखाली स्वतःचे अंग गरम ठेवण्यासाठी जादा शक्ती खर्च करावी लागते. म्हणजे भिलाईतली डिसेंबर-जानेवारीची जवळपास प्रत्येक रात्र वासराच्या दृष्टीने थंडच. जिथे दीड हजार अंशांचा लोखंडाचा रस वाहतो, त्याच गावच्या वेशीवर पंधरा अंशांखाली एक जीव कुडकुडत असतो.

निरोगी वासराचे तापमान साधारण साडेअडतीस ते साडेएकोणचाळीस अंश सेल्सिअस असते. ते अडतीसच्या खाली घसरू लागले की वासरू आधी थरथरते, मग थरथरणे थांबते. अननुभवी माणसाला वाटते, बरे झाले, शांत झाले. खरे तर तिथूनच धोका सुरू होतो. तोंडात बोट घातले तर ते गार लागते, वासरू चोखत नाही, मान टाकते. तापमान पस्तिशीच्याही खाली गेले तर वाचवणे अवघड होते.

हिमदंश म्हणजे काय?

हे झाले साऱ्या अंगाचे. थंडीचा दुसरा वार अंगाच्या टोकांवर असतो. थंडी वाढली की शरीर आपला खजिना वाचवू पाहते. हृदय, फुप्फुसे, मेंदू यांच्याकडे रक्त वळवले जाते आणि कान, शेपूट, खुरांच्या वरचा भाग, सड यांच्या रक्तवाहिन्या आकसतात. बाहेर तापमान शून्याच्या बरेच खाली असेल, वारा असेल आणि कातडी ओली असेल, तर या टोकांतले पाणी गोठते, पेशी फुटतात. कान आधी फिकट, गार आणि कडक होतो. ऊब मिळाल्यावर सुजतो, दुखतो. काही दिवसांनी टोक काळे पडून वाळते आणि गळून जाते. यालाच हिमदंश म्हणतात.

कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या माळरानांवर हा नेहमीचा त्रास. तिथे फेब्रुवारी-मार्चच्या बर्फात गाई वितात, ओले वासरू वाऱ्यात पडते, आणि काही तासांत त्याचे कान जातात. तुटक्या कानांचे वासरू वाढते चांगले, पण बाजारात गिऱ्हाईक नाक मुरडते. म्हणून तिथले पशुपालक वासरांना जाकिटे घालतात, कानांना ऊबदार झाकणेसुद्धा. ऐकायला गंमत वाटते, पण खुराच्या वरचा भाग गोठला तर गंमत राहत नाही. खूरच सुटले की ते जनावर उभे राहू शकत नाही.

भिलाई उभारायला जे सोव्हिएत तंत्रज्ञ आले, त्यांच्या देशाच्या दूर पूर्वेला याकुतिया नावाचा प्रदेश आहे. तिथे हिवाळ्यात पारा उणे पन्नासच्या खाली जातो आणि तरीही तिथे गाई आहेत. बुटक्या, दाट केसांच्या, कासेवरही केस असलेल्या. बाहेर सोडताना त्यांच्या कासेला लोकरी किंवा कातड्याचे झाकण बांधतात. रात्री त्या लाकडी गोठ्यात राहतात आणि त्या गोठ्याच्या भिंतींना बाहेरून लिंपण असते शेणाचे. छत्तीसगडची रौताईन कोठा शेणाने सारवते आणि याकुतियातली बाई गोठा शेणाने लिंपते. ऊब धरून ठेवायला दोघींना सापडलेली वस्तू एकच.

आपल्या देशात खरा हिमदंश म्हणजे लडाख, स्पिती, सिक्कीमच्या उंचीवरचा. छत्तीसगडात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे सरगुजा जिल्ह्यातले मैनपाट. हजार मीटरहून उंच असलेल्या या पठारावर १९६२ च्या सुमारास तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. कडाक्याच्या पहाटे तिथे गवतावर दव गोठून पांढरी चादर दिसते. कबीरधाम जिल्ह्यातल्या चिल्फीच्या घाटातही तसेच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण पाहायला गर्दी करणाऱ्या मराठी पर्यटकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. भिलाईत मात्र दव गोठत नाही. तिथे वासराचे कान थंडीने गळून पडत नाहीत.

मग एखाद्या हिवाळ्यात जनावराचे कान आणि शेपटीचे टोक काळे पडलेले दिसले तर?

पैऱ्यातला शत्रू

इथे एक विलक्षण गोष्ट सांगायला हवी. जिथे बर्फ नाही, अशा भातपट्ट्यात थंडीच्या दिवसांत गाईम्हशींना हिमदंशासारखाच दिसणारा एक रोग होतो. पायांना सूज, शेपटीचे टोक वाळून काळे, कानांच्या कडा सुकलेल्या, पुढे खुरांजवळ जखमा. याचे नाव 'डेगनाला'. हे नाव डेग नाल्यावरून पडले; पंजाबच्या आज पाकिस्तानात असलेल्या भागातला हा ओढा, आणि त्याच्या परिसरात गेल्या शतकाच्या तिसाव्या दशकात पशुवैद्यकांनी या रोगाची पहिली नोंद केली. म्हशींना तो जास्त, गाईंना कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा काळ.

थंडीत होतो म्हणून लोकांनी थंडीलाच दोष दिला. पण संशयाची सुई भाताच्या पेंढ्याकडे वळली. ओला राहिलेला पेंढा रचला की त्यावर बुरशी चढते. काही बुरशींच्या विषाने टोकांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. थंडी जे करते तेच हे विष आतून करते, आणि दोन्ही एकत्र आली तर नुकसान दुप्पट. अमेरिकेत 'फेस्क्यू' नावाच्या गवताने असाच प्रकार होतो. त्या गवतात राहणाऱ्या बुरशीचे विष आणि हिवाळा मिळून जनावराचा पाय निकामी करतात.

छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. पेंढ्याला इथे 'पैरा' हा शब्द, आणि त्याच्या गंजीला 'पैरावट'. वर्षभराचा चारा तोच. कापणीच्या वेळी पाऊस आला तर सारा हिशेब चुकतो. डिसेंबर २०२३ मध्ये बंगालच्या उपसागरात उठलेल्या 'मिचाँग' चक्रीवादळाने छत्तीसगडातही पाऊस आणला, कापलेले धान शेतात भिजले. अशा वर्षी माणसाला धानाची चिंता असते, पैऱ्याकडे कोण पाहणार? भिजलेला पैरा तसाच गंजीवर चढतो आणि जानेवारीत आतून काळा निघतो.

फरक ओळखायला फार शिक्षण लागत नाही, नजर लागते. थंडीचा मार बसतो तो आधी तान्ह्या, ओल्या, अशक्त वासराला, आणि एखाद्याच रात्रीनंतर. खराब पैऱ्याचा मार एकाच गंजीतून खाणाऱ्या मोठ्या जनावरांनाही बसतो, दोन-चार जणांना पाठोपाठ, आणि अंगात बहुधा ताप नसतो. दूधपित्या वासराने पैरा खाल्लेलाच नसतो. कोठ्यातल्या म्हशीची शेपूट काळी पडली आणि दोन महिन्यांचे पारडू धडधाकट असेल, तर शेकोटी वाढवून काही होणार नाही. आधी गंज उघडून वास घ्यावा. कुबट, काळपट पैरा बंद करून जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. वेळीच चारा बदलला तर पुष्कळ जनावरे बरी होतात. गळालेले शेपटीचे टोक मात्र परत येत नाही.

दुर्गहून राजनांदगावकडे जाताना अंजोरा लागते. तिथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि २०१२ पासून कामधेनू विद्यापीठही. रायपूर-दुर्ग-बिलासपूरच्या मैदानातल्या लहान चणीच्या गाईला 'कोसली' ही स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळालेली आहे. दूध थोडे, पण उन्हाळा सोसणारी, काटक. तिच्या जागी जास्त दुधासाठी संकरित गाई आल्या आणि सिमेंटचे गोठे आले. सिमेंट स्वच्छ ठेवायला सोपे हे खरे. पण रात्री ओल्या सिमेंटवर बसलेल्या वासराच्या पोटातली ऊब जमीन शोषून घेते, आणि सारवलेल्या मातीवर पैरा पसरून बसलेले वासरू त्या मानाने सुखी असते. नवे ते सगळे सोयीचेच असते असे नाही.

पहिला चीक

थंडीतले वासरू वाचते ते पोटातून. जन्मल्यावर पहिली गोष्ट म्हणजे त्याला कोरडे करणे. गाय चाटते ते उगाच नव्हे, पण कडाक्याच्या रात्री तिच्या जोडीला कोरडे फडके घ्यावे. दुसरी गोष्ट चीक. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा. वीस किलोच्या वासराला दोन लिटर, तोही एकदम न पाजता दोन-तीनदा. चिकात ऊर्जा असते आणि रोगांशी लढणारी द्रव्येही. ती आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट पहिल्या दिवसातच बंद होत जाते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, पण तेवढे संरक्षण देत नाही.

आणि इथेच एक जुनी समजूत आड येते. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, असे खेड्यापाड्यांत अजूनही सांगितले जाते. छत्तीसगडात सांगतात, तसे विदर्भातही आणि घाटावरही. गाईची वार पडायला कधी आठ-दहा तास लागतात. पौषाच्या रात्री तेवढा वेळ उपाशी राहिलेले वासरू पहाटे थंडगार सापडते आणि दोष नशिबाला दिला जातो. खरवसाच्या हौशी मंडळींनीही एवढे ध्यानात ठेवावे, की खरवस वासराचे पोट भरल्यावर उरलेल्याचा असावा.

थंडी आणि भूक यांचे नाते मोठ्या जनावरांतही दिसते. मे २०१९ मध्ये उत्तर सिक्कीमच्या मुकुथांगला तीनशेच्या आसपास याक मेले. उणे तापमान सहज सोसणारी ही जनावरे. बर्फ साचून चारा झाकला गेला, तेव्हा ती उपासमारीने गेली. लाकूड संपले की शेगडी विझते, तसेच ते झाले.

गारठलेल्या वासराला ऊब देताना घाई नडते. साधारण चाळीस अंशांच्या, म्हणजे हाताच्या कोपराला सुखावेल इतक्या कोमट पाण्यात ठेवावे आणि मग पूर्ण कोरडे करावे. गोठलेला कान जोराने चोळू नये. आतल्या पेशी आणखी फाटतात. एकदा ऊब दिलेला भाग पुन्हा गोठू देऊ नये. विस्तवाजवळ तर मुळीच धरू नये, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. गोरसीचेही तसेच. कोठा सगळीकडून बंद करून आत गोरसी धुमसत ठेवली तर धुराने वासराची छाती भरते, आणि शेजारी पैरा असेल तर एक ठिणगी पुरते. वारा अडवावा, पण वरून हवा खेळती ठेवावी. आजारी जनावरासाठी फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आता भिंतींवर रंगवलेला दिसतो.

गाईच्या नावाने या राज्यात योजनाही गाजल्या. २० जुलै २०२० ला, हरेलीच्या सणादिवशी, सरकारने दोन रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली. गावोगाव गोठान बांधले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले आणि ती खरेदी थांबली. वासराच्या पाठीवरचे गोणपाट त्या आधीही होते, नंतरही आहे.

भिलाईला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस चांगले. मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या दुर्गला थांबतात, पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस आहे. मैत्री बाग पाहावी, शिवनाथचा काठ पाहावा, सवड असेल तर डोंगरगडच्या बमलेश्वरीच्या पायऱ्या चढाव्या. आणि एका सकाळी लवकर उठून गावाच्या कडेने चक्कर मारावी. आठच्या सुमारास ऊन खाचरांत उतरते. तेव्हा कोठ्याचे दार उघडते, वासरू दोरीला हिसडे देत बाहेर येते आणि अंगणातल्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन उभे राहते. घरातली बाई सुतळी सोडते, रात्रीच्या दवाने आणि मुताने ओलसर झालेले गोणपाट झटकते, कुंपणावर वाळत घालते. संध्याकाळपर्यंत ते कोरडे व्हायला हवे असते.